सुकलालभाऊंचा जोड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सरांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी मी तिथे दुसरंच काहीतरी बोलत राहायचे. आता सांगायला बसलेय, तर सुरुवात कुठून करावी तेच समजत नाही. सरांपासून करते – सरांविषयी बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

सर म्हणजे माझे यजमान. जळगावात एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. सगळे सर म्हणत, म्हणून लग्नानंतर मीही सर म्हणू लागले आणि मग तेच राहिलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतेय. आमच्या भाड्याच्या घरात तीन खोल्या होत्या, त्यातली एक रेडिओची. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सर हॅम होते – सरकारी परीक्षा देऊन, लायसन मिळवून, स्वतःच्या घरातून जगाशी बोलणारे. ट्रान्समीटर त्यांनी स्वतः बांधलेला. ॲल्युमिनियमची पेटी, तिच्यात काचेचे दोन मोठे व्हॉल्व्ह, ते तापले की खोलीभर धुळीचा जळका वास. भिंतीवर देशोदेशीच्या हॅमनी पाठवलेली कार्डं. गच्चीवर दोन लोखंडी पाइप, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार, आणि तारेच्या मधोमधून खाली आलेली काळी केबल, खिडकीतून आत.

रोज सकाळी सात ते साडेआठ सर त्या खोलीत. तेवढा वेळ घरात कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. मी कितीतरी वर्षं डाळ उघड्या पातेल्यात शिजवली – तुम्हाला हसू येईल, पण रोज करून बघा.

मला राग रेडिओचा नव्हता हो. आवाजाचा होता. माइकसमोर बसले की सरांचा आवाजच बदलायचा. मऊ व्हायचा, हसरा व्हायचा. केरळातले एक निवृत्त स्टेशनमास्तर होते, त्यांच्याशी रोज बोलणं. त्यांच्या बायकोचा गुडघा दुखायचा. तिकडे पाऊस किती झाला, नातू चालायला लागला का, आणि मॅडमचा गुडघा कसा आहे – सर रोज विचारायचे. न विसरता. आणि साडेआठला स्विच बंद केला की आमच्याशी – "डबा झाला का?"

एवढंच कारण? – असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते.

एकदा मात्र सरांनी मला त्यातलं काही शिकवलं होतं. केबलला टोकाशी पिन जोडायची होती आणि धरायला कोणी नव्हतं. मी केबल धरली. त्यांनी ब्लेडने वरचं काळं आवरण सोललं आणि दाखवलं – ही मधली तार, ही तिच्याभोवतीची जाळी, मध्ये हे पांढरं प्लॅस्टिक. "ह्या दोघींनी एकमेकींना शिवायचं नाही. शिवल्या की सगळं ठप्प." मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. मी बीए झालेली बाई, पण त्या घरात मला कुकर सोडून काही कळतं असं कोणाला वाटल्याचं आठवत नाही.

आता सुकलालभाऊ. मी त्यांच्याकडे यायचं टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ते मूळ धरणगावचे. जळगावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं – विहिरीवरचे जळलेले पंप यायचे, ते तांब्याच्या तारेची गुंडाळी नव्याने भरून द्यायचे. शिक्षण सातवी. पण हात असा, की सर स्वतः म्हणायचे, तारेला असा सोल्डरचा डाग मी देऊ शकत नाही. अँटेना चढवायला पहिल्यांदा आले आणि मग येतच राहिले. सरांनी त्यांना मोर्स कोड – ठोक्यांची सांकेतिक लिपी – शिकवायला घेतला. दुकानात कामाच्या टेबलावर पक्कड आपटत ते सराव करायचे – गिऱ्हाईक समोर उभं आणि ह्यांचं डा-डिट-डा चालू. त्यांनाही लायसन काढायचं होतं. परीक्षेचे नियम इंग्रजीत, म्हणून आठवड्यातून दोनदा आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ते माझ्याकडून इंग्रजी शिकायचे. वहीत देवनागरीत उच्चार लिहून घ्यायचे. पंचेचाळिशीचा माणूस – चुकलं की जीभ चावायचा. फॉर्म भरून झाला होता. परीक्षा दीड महिन्यावर होती.

त्याच सुमाराला माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. मी अकरा दिवस फैजपूरला होते. आई वाचते की नाही असं झालं होतं मध्ये. बाराव्या दिवशी सकाळच्या गाडीने परत आले, हातात पिशवी, डोळे सुजलेले. सर माइकवर होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला – थांब, आवाज नको. आणि माइकमध्ये विचारलं, मॅडमचा गुडघा कसा आहे.

मी दारात उभी राहिले. बोलणं संपलं. सर उठले, म्हणाले, "बरं झालं आलीस, आज डबा होईल."

आईचं विचारलं नाही. संध्याकाळीही नाही.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजला गेल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टाचणी घेतली आणि खिडकीजवळ, पडद्यामागे, केबलमध्ये खोल खुपसली. जाळीतून मधल्या तारेपर्यंत. डोकं तेवढं बाहेर राहिलं, त्यावर काळी चिकटपट्टी लावली. दोन मिनिटंही लागली नाहीत. हात थरथरले वगैरे म्हणावंसं वाटतं – नाही थरथरले. नंतर मी भांडी घासली.

दोन दिवस ठेवायची आणि काढून टाकायची, असं मनात होतं. दोन दिवस ह्यांची सकाळ रिकामी जाऊ दे, मग बघू माझ्याशी काय बोलतात.

काय बोलणार? सकाळी स्विच लावला तर सगळा बँड मेलेला, नुसती खरखर. त्यांनी ट्रान्समीटर चालवून पाहिला, तर व्हॉल्व्हमधली पत्री लालभडक झाली आणि एक व्हॉल्व्ह गेलाच. जेवले नाहीत. मीटर लावून बघितलं तर आत कुठेतरी दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात एवढं कळलं. कुठे? तर मी नसताना सुकलालभाऊंनी अँटेना खाली घेऊन मधला जोड नवा करून दिला होता. केबल जिथे तारेला मिळते तो जोड. झालं. सरांनी तिथेच बोट ठेवलं.

त्या संध्याकाळी त्यांना बोलावून घेतलं. मी चहा टाकत होते, दार उघडंच होतं.

सुकलालभाऊ म्हणाले, "सर, मी तो जोड दोनदा तपासेल शे."

"मग हे काय आहे?" सरांनी जळलेला व्हॉल्व्ह त्यांच्यापुढे धरला.

"एकदा बठ्ठी केबल पाही लेऊत ना सर. गच्चीवरथीन खिडकीलोंग."

गच्चीवरून खिडकीपर्यंत सगळी केबल बघून घेऊ – अगदी बरोबर बोलत होते ते. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. पंधरा मिनिटांत सापडलं असतं सगळं. आणि खरं सांगू? सापडावं असंही वाटलं. पण सर भडकले. ती केबल त्यांनी स्वतः मुंबईहून आणलेली, स्वतः टाकलेली. तिच्यात दोष कसा असेल?

"ज्याला एक जोड नीट देता येत नाही, त्याने परीक्षेचा नाद सोडावा," सर म्हणाले. "उद्या स्वतःचं स्टेशन लावशील आणि घर जाळून घेशील. राहू दे, माझं मी करतो."

सुकलालभाऊंनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं. मदतीसाठी बघितलं असं मला वाटतं – मी त्यांची इंग्रजीची मास्तरीण होते ना. मी काय केलं? चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो घेतला, उभ्यानेच प्यायला, कप मोरीत नेऊन विसळून ठेवला आणि गेले.

पुढचं ऐका, कारण टाचणीपेक्षा मला हे जास्त छळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सर कॉलेजला गेल्यावर, मी टाचणी नखाने ओढून काढली. वाटलं, संपलं. आता सर लावून बघतील, चालू असेल, तर म्हणतील आपोआप झालं. पण सर आले ते थेट गच्चीवर गेले. दोरी सोडून अँटेना खाली घेतली, सुकलालभाऊंचा जोड कापून टाकला आणि स्वतः नवा दिला. खाली येऊन रेडिओ लावला – आणि खणखणीत आवाज! कुठले कुठले लोक बोलायला लागले. मला हाक मारली. इतकी वर्षं त्या खोलीत मला हौसेने कधी बोलावलं नव्हतं, त्या दिवशी बोलावलं.

"पाहिलंस? त्याचाच जोड होता. माझी केबल ठणठणीत आहे."

मी चूक निस्तरायला गेले, आणि त्या माणसाच्या माथी ती कायमची मारून बसले. तेव्हा तोंड उघडायचं होतं. त्या क्षणी. सर खुशीत होते, चिडले असते, चार दिवस बोलले नसते – ते एरवीही कुठे बोलत होते? मी म्हणाले, "हो ना." एवढे दोनच शब्द. मला स्वतःची इतकी चीड येते! आणि सरांचीही येते. एवढा शिकलेला माणूस, केबलवरून एकदा हात फिरवला असता तरी चिकटपट्टी लागली असती बोटाला. माझ्यावर संशय घ्यायलासुद्धा त्यांनी मला कधी तेवढं मोजलं नाही. पण ती चीड घेऊन मी कुठे जाऊ? खोटं बोलले ती मी.

सुकलालभाऊ परीक्षेला गेले नाहीत. वही आमच्याकडेच राहिली. दोन-तीन वर्षांनी ते दुकान हलवून धुळ्याला गेल्याचं कळलं. सरांनी रेडिओ पुढे बरीच वर्षं चालवला. एक-दोनदा म्हणाले, "सुकलाल गुणी होता, पण घाईचा." मी ऐकून घेतलं.

नव्वदच्या दशकात, कधीतरी मे महिन्यात, एका लग्नाहून परतताना धुळ्याच्या स्टँडवर मागून हाक आली. "वहिनी! आठे कशा?" इथे कशा म्हणून विचारत होते सुकलालभाऊ – केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. जळगावच्या गाडीला ही गर्दी. माझी पिशवी घेऊन ते पुढे घुसले आणि खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी माझी जागा धरली. मी बसल्यावर खाली उभे राहून विचारलं, "सर बरा शेतस ना?"

मी हो म्हटलं. मग ते खिडकीशी आणखी जवळ आले. म्हणाले, "त्यास्ले सांगज्यात वहिनी, चूक मन्हीच व्हती. मी बहु इचार कया. काही तरी राही गयं व्हई मन्हा हातथीन."

चूक माझीच होती. खूप विचार केला मी. माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल. – दोनदा तपासलेल्या जोडाबद्दल हा माणूस इतकी वर्षं विचार करत होता, आणि शेवटी त्याने ते मान्यही करून टाकलं होतं. गाडी सुटायला पाच-सात मिनिटं होती. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

मी म्हणाले, "सांगते."

तेही सांगितलं नाही सरांना. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती पेटी, ती कार्डं हॅम लोकांच्या एका मंडळाला देऊन टाकली. सुकलालभाऊ आहेत. दुकान मुलगा बघतो, ते दुपारी बाहेर खुर्ची टाकून बसतात, असं तिकडून आलेल्या एकाने सांगितलं. त्याने चौक सांगितला, गल्लीही सांगितली. जळगावहून धुळं काही लांब नाही. मी अजून गेलेले नाही.