आमच्या वाट्याचा बांध

तो माणूस मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या बांधावर वाकून काहीतरी करत होता. मला लगेच वाटलं, हा जमिनीसाठी आलाय.

असं वाटण्यात माझं फार चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. पेणच्या खाडीकाठच्या गावात आता कोणी अनोळखी माणूस शेताच्या कडेला उभा दिसला की आधी संशयच येतो. आधी पांढरी गाडी येते, मग गॉगल उतरतो आणि मग गोड आवाजात विचारणा होते, "काका, सातबारा कोणाच्या नावावर हाय?" आमच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांचे अंगठे असेच चहा पिता पिता गेले.

आमचं शेत खारातलं. एका बाजूला खाडी, एका बाजूला भात आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. भरतीचं खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही. बांध सगळ्या गावाचा, पण राखायचा वाटून. ज्याचं शेत जिथे, तिथला तुकडा त्याच्या वाट्याला. आमचा तुकडा उघाडीपासून वाकड्या भेंडीच्या झाडापर्यंत. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, ओहोटीला आतलं पाणी खाडीत सोडणारा. गावात असंही धरून चालतात की जो तुकडा राखतो त्याचा त्या शेतावर शब्द चालतो. दुसऱ्याचा बांध वर्षानुवर्षं राखून पुढे शेतावरच हक्क सांगणारे लोक आमच्याकडे होऊन गेलेत.

बाबांचे गुडघे गेल्यापासून आमचा तुकडा राखायला कोणी नव्हतं. मी सकाळची बस धरून रोह्याला कंपनीत जाते, डिस्पॅचच्या ऑफिसात. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, बी.कॉम. झालेली तर सगळ्या आळीत पहिली. कागद कळणारी घरात मी एकटी, त्यामुळे जमिनीची राखण माझ्याकडे, असं मीच ठरवून टाकलं होतं. चिखलाची राखण कोणाकडे, हे ठरवायचं राहून गेलं.

तर तो माणूस. साठीच्या पुढचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, शेजारी घमेलं आणि पहार.

"काका, हा बांध आमचा आहे."

"व्हय. चिंबोऱ्यांनी बरा पोखरलाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं बुजवायला?"

"कोणी नाय."

"मग?"

"मग काय? भोक हाय, चिखल हाय." एवढं बोलून त्याने पेंढा घातलेल्या चिखलाचा गोळा खेकड्याच्या बिळात कोंबला आणि टाचेने दाबला.

घरी येऊन चौकशी केली. शेजारच्या वहिनीचे वडील. रोह्याच्या कंपनीतून रिटायर झालेले. बायको वारली, रोह्याचं भाड्याचं घर सोडलं आणि लेकीकडे राहायला आले. माझा संशय दुप्पट झाला. वहिनीच्या नवऱ्याचं शेत आमच्या शेताला लागून, मधे फक्त हद्दीची एक मेर.

"बाबा, जावयासाठी बांध धरतोय तो."

"धरू दे गो," बाबा खाटेवरून म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाय, तुला वेळ नाय. कोणीतरी करतंय."

"फुकट कोण करतं?"

"तू बी.कॉम. झालीस, तूच सांग."

त्या आठवड्यात मी रोह्याला ऑफिसातल्या एका जुन्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "ते होय? लय चांगला माणूस. आमच्या कॉलनीतलं गटार सुट्टीच्या दिवशी एकटा उपसायचा." मला अजूनच खटकलं. गटार उपसणारा माणूस पुढे इलेक्शनला उभा राहतो, हे मी पाहिलेलं आहे. "उभा राहिला होता का कधी?" मी विचारलं. "कशाला?" तो म्हणाला. मी मनात नोंद ठेवली.

मग मी पाळत ठेवायला लागले. दर रविवारी काहीतरी सापडायचं. चहा दिला तर घ्यायचा नाही, "आत्ताच झाला" म्हणायचा. उघाडीपासून पावलं मोजत चालायचा. मध्येच थांबून खिशातली छोटी वही काढायचा आणि त्यात लिहायचा. एकदा खाडीच्या बाजूला उतरून मोबाईलवर बांधाचे फोटो काढताना दिसला. मोजमाप, नोंद, फोटो. आणखी काय पुरावा हवा होता?

मी अर्ज लिहिला. तलाठ्याला. "आमच्या वहिवाटीच्या बांधावर त्रयस्थ इसम विनापरवानगी दुरुस्तीचे काम करून भविष्यात हक्क प्रस्थापित करण्याच्या उद्देशाने..." असा. एक खाडाखोड नाही. बाबांना वाचून दाखवला तर ते म्हणाले, "भाषा चांगली हाय." सही मात्र बराच वेळ केली नाही. शेवटी केली.

ज्येष्ठात, पेरण्या आटोपल्यावर तलाठ्याने मला आणि वहिनीच्या वडिलांना ग्रामपंचायतीत बोलावलं. दहाबारा माणसं आपोआप जमली, अशा वेळी जमतात. तलाठ्याने अर्ज मोठ्याने वाचला. "इसम" या शब्दाला मागून कोणीतरी हसलं. त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं?

"काय नाय," ते म्हणाले. "नको तर नको."

एवढंच. मी वाद घालायच्या तयारीने गेले होते, कलमं पाठ करून. संशय घेतलेला माणूस भांडला नाही तर काय करायचं, हे कॉलेजात शिकवत नाहीत. बाहेर पडताना मला वाटलं, गप्प बसला म्हणजे खरंच काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर वहिनीने मला गाठलं. कळशी माझ्या कळशीच्या पुढे सरकवून म्हणाली, "शिकलीस गो, लय शिकलीस. माझ्या बापाला इसम केलंस."

मी तशीच कळशी उचलून निघाले. माझी बस होती.

आषाढात लावणी झाली. पाऊस चांगला होता, भाताने चांगलं रूप धरलं. बांधाकडे कोणी फिरकलं नाही. श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणाला यंदा पाणी मोठं असणार, असं सगळे म्हणायला लागले. आदल्या दिवशी मी रजा टाकून बांधावर गेले. उघाडीपासून भेंडीपर्यंत सतरा बिळं. मी नीट मोजली. घमेल्यात माती घेतली, एकेक बीळ बुजवलं, वरून पाय दिला. दुपारच्या भरतीला उभी राहून बघते तर बुजवलेल्या बिळांशेजारून पाणी पाझरतंय. जिथे बीळ नव्हतंच तिथून. भाताच्या पहिल्या ओळीत पाणी चमकत होतं. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

उद्याचं पाणी याहून वर येणार होतं.

सकाळी वहिनीच्या दारात उभी राहिले. ती म्हणाली, "अर्ज आणलास का आणखी एक?" आतून ते बाहेर आले. मी जे झालं ते सांगितलं. चूक झाली, हे काही तोंडातून निघालं नाही. पाझरतंय, एवढंच निघालं.

"आतून बुजवलंस?"

"हो."

"भोकाला दोन तोंडं असतात गो. खाडीकडचं आधी मारायचं. आतून मारलं तर पाणी दुसरी वाट करतं." त्यांनी खुंटीवरची पँट घेतली. "चल. बारा वाजता पाणी वर येईल."

बांधावर त्यांनी ती वही काढून माझ्या हातात दिली. तू वाच, मी शोधतो, म्हणाले. मी वाचायला लागले. "उघाडीपासून बावीस पावलं, बाहेरचं तोंड गुडघ्याएवढं खाली, डावीकडे. एकतीस पावलं, दोन बाहेर, एक आत." पानामागून पान. आमच्या एकेका बिळाचं. बुजवलेली भोकंच चिंबोऱ्या परत उकरतात, म्हणाले. फोटोही त्याचेच. ओहोटीला दिसणारी तोंडं भरतीला पाण्याखाली जातात, म्हणून काढून ठेवलेले. एकच होतं, वही ज्येष्ठात थांबली होती. त्यानंतर चिंबोऱ्यांनी केलेली बिळं तिच्यात नव्हती.

आम्ही खाडीच्या अंगाला उतरलो. ते हात घालून तोंड शोधायचे, मी पेंढा आणि चिखल मळून द्यायची. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, मग मांड्यांपर्यंत. न राहवून मी विचारलंच, "काका, खरं सांगा. आमचाच बांध का?"

ते चिखल कोंबत म्हणाले, "लेकीच्या घरी जेवतो मी. आमच्यात बाप लेकीकडे जेवत नाय. माझी आई लेकीच्या घरचं पाणी पण प्यायली नव्हती. आता मी दोन वेळ बसतो ताटावर. काय करणार? काम करतो. जावयाच्या बांधाला चार भोकं. ती दोन दिवसांत संपली. उरलेलं जेवण कुठं फेडू?"

"आणि चहा?"

"दुसऱ्याच्या घरचा घेतला तर आणखी वाढलं ना."

मला हसू आलं आणि त्याच वेळी वाटलं, एवढंच कारण असेल? एवढ्यासाठी माणूस कमरेपर्यंत खाडीत उतरतो? त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते पुढच्या भोकात हात घालत होते. खोटं बोलायला वेळच नव्हता त्यांच्याकडे.

बाराला पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभर येऊन थांबलं. भेंडीकडचा भाग टिकला. उघाडीजवळ, वहीत नसलेल्या दोन नव्या बिळांतून मात्र पाणी आत गेलं. आम्ही आतून पोती टाकून ते वळवलं. थांबवता आलं नाही. ओहोटी लागल्यावर त्यांनी उघाडी वर केली आणि आत शिरलेलं पाणी बाहेर जाताना आम्ही दोघं बांधावर बसून बघत राहिलो.

"मंगळवारी अर्ज मागे घेते," मी म्हणाले.

"बुधवारी जा. मंगळवारी तलाठी पेणला असतो."

उघाडीजवळचं तीन गुंठे भात आठवड्यात पिवळं पडलं. बाकीचं उभं राहिलं. बाबा काठी टेकत बांधापर्यंत आले, पिवळा तुकडा बघितला आणि परत फिरले. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत तो बांध कोणामुळे उघडा पडला होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या तीन गुंठ्यांत यंदा काही येणार नाही. पुढच्या वर्षीही नाही.