नळीतलं काळं

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात नेऊन जमा कराव्या लागतात. मागे निवडणुकीवर निवडणूक आली आणि मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बारा बोरची दुनळी बंदूक अख्खा पावसाळा तिथंच उभी राहिली. परत आली तेव्हा आतून तांबूस गंज. मामाजींनी अंगणात बसून ती मधून उघडली, उजेडाकडे धरून नळीत डोळा लावला आणि त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. मला वाटलं, घरात कोणी आजारी पडलं की काय.

आमचं वावर जंगलाला लागून. डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, शिरले की तुरीचा सत्यानाश, म्हणून पीक राखायला हा परवाना. त्याचं नूतनीकरण आलं होतं आणि त्याआधी बंदूक ठाण्यात दाखवायची होती. मामाजींचा हट्ट एकच, नळी आरशासारखी झाल्याशिवाय ती साहेबापुढं ठेवणार नाही. अहो, मुदत टळली तर परवाना जाईल, परवाना गेला तर बंदूकही जाईल, मग वावरात काय टाळ्या वाजवत बसायचं? हे मी सांगून सांगून थकले. ऐकतो कोण!

बरं, साफ करायची तर कशानं? घरातला नळी पुसायचा लाकडी गज मधोमध तुटलेला. आमचे हे यवतमाळला बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानदारानं मखमली खोक्यातला विलायती संच समोर मांडला. पितळेचा गज, ब्रशच ब्रश, तेलाच्या बाटल्या. किंमत ऐकून हे चहासुद्धा न घेता उठले. मग रोज जेवताना एका हातात मोबाइल, स्वस्तातला संच शोधणं सुरू. शेवटी एक मागवला. खोकं आलं, ब्रश नळीत घातला, तर तो आत खुळखुळायला लागला, घागरीत चमचा पडावा तसा. काहून? तर बारा बोर म्हणून यांनी बारा मिलिमीटरचा ब्रश मागवला होता! आणि हा माणूस कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी सांभाळतो.

"बारा बोर म्हंजे बारा मिलिमीटर नाही बे, बैताडा!" मामाजी ओरडले. "रायफलीचा ब्रश आणला यानं!"

"मंग बारा म्हंजे काय?"

"मले कायले इचारतं? नळीत बोट घालून पाह्य, तुह्यं बोट बसते का थे."

खोकं फोडलेलं, त्यामुळे परत जाईना. तो ब्रश मी पाण्याच्या बाटल्या धुवायला घेतला.

मामाजींनी तरुणपणी कवायतीत रायफली पुसल्या होत्या. तिथली एक दोरी त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली. एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायचा फासा. वजन नळीतून खाली सोडायचं आणि चिंधी ओढून काढायची. तिचं इंग्रजी नाव 'पुल-थ्रू', पण मामाजींच्या तोंडी ते 'फुलतरू' झालं होतं. "गज-बिज कायले पाह्यजे? फुलतरू आणा, सस्त्यात काम होते." झालं! हे दिग्रसच्या बाजारात दुकानादुकानात फुलतरू मागत फिरले. एकानं मोठ्या विश्वासानं फूलझाडू काढून दिला. आणि यांनी तो आणला!

मी कपाळावर हात मारला. "अहो, बंदूक झाडायची हाये का आंगन?"

"मले वाटलं, बाबाले हाच पाह्यजे असंल," हे म्हणाले.

मग लोखंडी सळई आली. नळीला ओरखडे पडतील म्हणून मामाजींनी ती उकिरड्यावर फेकली. माझं चांगलं सुती पातळ न विचारता चिंध्यांसाठी फाडलं गेलं. शिलाई मशीनचं तेल संपलं. घरात बाप-लेक एकमेकांशी बोलेनात, आणि दोघांचे निरोप मी पोचवायचे. इतका संताप यायचा की वाटायचं, ती बंदूकच नेऊन विहिरीत टाकावी.

शेवटी मीच बसले. कपडे वाळत घालायची दोरी घेतली, एका टोकाला कापडात गुंडाळलेला नट बांधला, दुसऱ्या टोकाला फासा केला. शेजारी नागपूरला चालले होते, त्यांच्या हाती नळीचं माप देऊन एकच पितळी ब्रश मागवला. संच-बिंच काही नाही. आधी तेल, मग ब्रश, मग चिंधी. पहिली चिंधी तपकिरी निघाली, नंतरच्या पिवळट, आणि शेवटी पांढरी. मला वाटलं, सुटले एकदाची.

मामाजींनी नळी उजेडाकडे धरली, उजवा डोळा लावला. "काळं हाये अजून. मधात."

पुन्हा ओढलं. "काळं हाये." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा ब्रश. "हाये ना वं, दिसून राह्यलं मले."

माझं डोकंच फिरलं. "मामाजी, माह्या हाताची सालटी निघाली! हे चिंधी पाहा, देवापुढं वात लावावी इतकी पांढरी हाये!" मी नळी त्यांच्या हातून ओढून घेतली आणि आत पाहिलं. लख्ख. दुसरी पाहिली, तीही लख्ख. यांना बोलावलं. "साफ हाये, बाबा," हे म्हणाले.

"दोघं मिळून मले येडं समजून राह्यले काय?"

"मंग दुसऱ्या डोयानं पाहा!" मी रागातच बोलले.

त्यांनी डावा डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग उजवा, मग पुन्हा डावा. नळी मांडीवर ठेवली, डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"सूनबाई, तुह्या डोक्यावरचा पदर दिसते, कान दिसते. तोंड नाही दिसत. मधात काळं हाये."

सगळा राग कुठच्या कुठे गेला. यवतमाळला दाखवू, औषध असंल, ऑपरेशन असंल, असं हे भराभर बोलायला लागले. मामाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते नेम उजव्या डोळ्यानं धरतात. आपला उजवा हात ते दुसऱ्याचा असल्यासारखा पाहत होते.

"गेल्या साली तूर फुलावर होती तवा," ते हळूच म्हणाले, "वावराच्या धुऱ्यावर काळं दिसलं म्हून म्या बार काढला होता. थे डुक्करच होतं ना वं?"

यांनी मान खाली घातली.

"डुक्करच होतं, मामाजी," मी म्हटलं. त्या दिवशी मी घरी नव्हतेच, नेरला माहेरी गेले होते.