बावखलाचं पाणी

ऐंशी सालाच्या सुमारास मला क्षयाची इंजेक्शनं चालू होती. दवाखान्यात उमेळ्याचा एक बागायतदार बाकाच्या टोकाला, नाकावर रुमाल धरून बसायचा. "तुम्ही शेरवाल्यांनी आनला हा रोग," म्हणायचा. तिथलं पाणी तोंडाला लावायचा नाही. वाडीतल्या बावखलाचं, म्हणजे तळ्याचं, पाणी बाटलीतून आणायचा आणि क्रुसाची खूण करून प्यायचा.

एकदा डॉक्टर त्याला म्हणाले, "तुमचा क्षय नाही. मातीत, पाण्यात राहणारा जंतू आहे. तो माणसाकडून येत नाही."

त्याने शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. आम्ही सगळे निर्दोष सुटलो. रुमाल खिशात घालून तो माझ्याजवळ सरकला आणि बाटली पुढे केली.

"घ्या. आमच्या वाडीतलं पानी. यानं कोनाला काय होत नाय."

घरी माझा पेलासुद्धा वेगळा ठेवलेला होता. मी पोटभर प्यायलो.