गंगेत सोडलेला मणी

मला एक खोड आहे. कुणी नदीचं नाव काढलं की मला गप्प बसवत न्हाई. सगळी नोकरी परमुलखात गेली, नद्यांची वाळू परातीत धुऊन सोनं शोधण्यात. आता निवृत्त होऊन जालन्यात, मस्तगडात राहते, पण खोड काही सुटली न्हाई.

माय शहागडला एकटीच. गुडघे गेलेले, हायवेला ट्रकांची ही रीघ, अन् ही रोज रस्ता ओलांडून गंगेवर जाणार. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. माझ्याकडं चल म्हणून मी किती डोकं फोडलं, पण ही हूं की चूं करायची न्हाई. गेल्या उन्हाळ्यात मात्र फोनवर एकदम म्हणाली, ये, येते मी. मी जल्दी गाडी काढली. न जाणो, तिचा बेत बदलायचा.

तिचं गाठोडं डिकीत टाकलं. निघताना म्हणाली, घाटावर थोडं थांबू. वडिलांची राख तिथंच सोडली होती. ते गेले तेव्हा तिनं मंगळसूत्रातला एक सोन्याचा मणी तोडून तुळशीच्या पानासोबत त्यांच्या तोंडात ठेवला होता. आमच्याकडं ठेवतातच. राख सावडताना तो कुणाला दिसला न्हाई, राखेसंगं पाण्यात गेला.

पायरीवर टेकून तिनं विचारलं, तो मणी एव्हाना कुठवर गेला असंल, समुद्राला लागला असंल का.

झालं, माझी टकळी सुरू. म्हटलं, अगं, सोनं कुठं जातंय? वाळूपेक्षा कितीतरी जड ते. तू तांदूळ रोळतेस तेव्हा तांदूळ पाण्याबरोबर पुढं निघतात अन् खडे मागं राहतात की न्हाई? नदी बराबर तसंच रोळते. पाण्याचा जोर जिथं मोडतो, वळणाच्या आतल्या अंगाला, खडकाच्या कपारीत, तिथं सोनं बसलं की बसलं. मी तर अशा नद्यांची वाळू धुतलीय ज्या आता न्हाईतच. जमिनीला भेग गेली, एक बाजू खचली, दुसरी वर उचलली. नदी दुसरीकडं वळली अन् तिचं जुनं पात्र टेकडीवर कोरडं राह्यलं. गोटे तसेच गुळगुळीत, तळाला सोनंही जिथल्या तिथं. आपल्या काळ्या दगडात सोनं नावालाही न्हाई. ह्या वाळूत जे काय असंल, ते लोकांनी आपल्या माणसांच्या तोंडात ठेवलेलं.

मी भलतीच रंगले होते. ती एकटक ऐकत होती.

"म्हणजे हे पुढं गेले न्हाईत?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गावातल्या बायकांनी तिला सांगितलं होतं, इतक्या पावसाळ्यांत गंगा सगळं समुद्राला पोचवते. हे गेले, आता आपण कुणासाठी थांबायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणून तर तिचा फोन आल्ता.

पुरात बारीक कण वाहूनही जातात, हे खोटं न्हवतं. तेवढं बोलले असते तर ती गाडीत येऊन बसली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तो कण न्हवता, मणी होता, अन् ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हितंच हायेत, माय. त्या खडकांच्या आसपास."

कधी निघतील, तिनं विचारलं. म्हटलं, जमीन हलंल तेव्हा, आपल्या हयातीत न्हाई. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. चेहरा इतका निवांत मी तिचा कैक वर्षांत बघितला न्हवता.

"मंग मी जालन्याला जाऊन काय करू, बाई?"

मला रडू कोसळलं, अन् रागही आला, तिचा, नदीचा, माझ्या शास्त्राचा. गाठोडं परत घरात नेऊन ठेवलं.

आता दर रविवारी मीच शहागडला जाते, तिचा हात धरून हायवे ओलांडते. घाटावर ती त्या खडकांकडं बघत बसते अन् मी तिच्याशेजारी. माझी परात गाडीतच असते. तिथं मी ती एकदाही पाण्यात बुडवली न्हाई.