सिंधुची नवमी

चांगुणाबाईनं सून मारली, हे आमच्या गावात पोराटोरांला बी ठावं हाय. मुरुडच्या बाजारात बाया तिच्याकडं बोट दाखवत्यात. मी तिची शेजारीन, उज्वला. सिंधु नांदायला आली तवापासून तिच्या नवऱ्याचा, वैजनाथचा मार मी भिंतीपल्याडून ऐकलाय, आन सकाळी चांगुणाबाई तिच्या पाठीला हळद लावताना बघितलीय. मग एक दिवस सिंधु दिसंना. पोलीस आले, हीर उपसली, काई घावलं न्हाई. चांगुणाबाईनं तोंडातनं ब्र काढला न्हाई, म्हनून गावानं तिलाच खुनी ठरवली. वैजनाथ मातर अजून म्हनतो, पळाली आसंल तर हुडकून तोडीन. आन तो तोडंल, मला इश्वास हाय.

यंदा पित्रपाटात लातूरची पुनम आन श्रीशैल कॅमेरा घिऊन आले. हरवलेल्या मानसांचा छडा लावून यूट्यूबवर टाकत्यात म्हनं. पोरं गोड बोलनारी, पन माझं टकुरं फिरलं. पोलिसांला जमलं न्हाई ते ह्यांला जमनार व्हय? वैजनाथनं त्यांला हौसेनं घरात घेतलं. बायकू घावली तर त्याला पायजेच व्हती.

त्या दिशी अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, कुकवासकट गेलेल्या बाईच्या नावानं सवाशीन जेवू घालायची. चांगुणाबाई तिच्या सासूची नवमी दरसाल घालती, आन सवाशीन मीच असते. मी पाटावर बसले, तर पुनमनं कॅमेरा धरूनच इचारलं, सासूची घालता, मग सिंधुची कामून न्हाई?

चांगुणाबाई भाजी वाढत व्हती. सवयीनं बोलून गेली.

"जित्या मानसाची नवमी घालत्यात का, बाई? आयुष्य तुटतं त्याचं."

दारात वैजनाथ उभा व्हता. तो आत आला आन लई हळू बोलला, "कुठं हाय ती, माय?"

पुनमचं तोंड पांढरंफटक पडलं. आता पडून काय उपेग? आग लावायची आन धूर लागला की डोळे चोळायचे. श्रीशैल तर भिंतीला टेकला.

चांगुणाबाईनं भाजीचं भांडं खाली ठेवलं. ह्या बाईनं कधी एक उपास मोडला न्हाई, एक रीत चुकवली न्हाई, हे लेकाला बी पक्कं ठावं. मग तिनं माझ्या शेजारी दुसरा पाट मांडला, नवं पान वाढलं. म्हनली, कुठंच न्हाई ती. येवढी वर्सं मनात तिला जिती धरून बसले व्हते, आता बास. मला तिनं त्या पाटावर सरकायला सांगितलं. सिंधुच्या नावानं.

वैजनाथ मटकन उंबऱ्यावर बसला आन रडाया लागला. आई जित्याची नवमी घालनार न्हाई, येवढं त्याला कळत व्हतं. मला त्याची जरा बी कीव आली न्हाई. कॅमेरा चालूच व्हता. आता गावाला पुरावाच मिळाला, पोलीस परत तिच्याच दारात येनार, हे तिला काय ठावं नव्हतं?

कुकू लावाया ती माझ्यावर वाकली. कानाशी तोंड आनून बोलली,

"देवाला म्हन उज्वला, ही नवमी खरी धरू नको."

वैजनाथ बघत व्हता, म्हनून समदं पान संपिवलं, आन घासाघासाला तेच म्हनत ऱ्हायले.