हिरवं कशाचं?

बसणं ही क्रिया माझ्या साडूभाऊंच्या कधी अंगवळणी पडलीच नाही. परभणीत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला तो उभ्याने. जेवतात ते हातात भाकरीचा तुकडा घेऊन येरझारा घालत. आणि मुलीच्या कन्यादानाला त्यांना पाटावर टेकवण्यात भटजींचा जेवढा घसा गेला, तेवढ्यात आणखी दोन लग्नं लागली असती. निवृत्तीनंतर या माणसाचं काय होणार, याची आम्हाला धास्ती होती. पण त्यांना उपग्रहाची छायाचित्रं सापडली. संगणकावर फुकट मिळणारी, आभाळातून टिपलेली आपल्याच मुलखाची चित्रं. आता तरी खुर्चीत बसतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी संगणक कपाटावर ठेवला आणि उभ्यानेच पाहायला लागले.

वालूरच्या पलीकडे काळविटांसाठी राखलेला एक माळ आहे. कुंपण घालून त्याचं खरंच भलं झालं का, हे वरून तपासायचा त्यांना नाद लागला. जुनी-नवी चित्रं शेजारी शेजारी लावायची आणि भेटेल त्याला समजावायची. एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना ते उठले आणि साबणाच्या फेसाने आरशावर माळाची हद्द काढून दाखवली. माझी बायको, म्हणजे त्यांची मेहुणी, वैतागून म्हणाली, "दाजी, कधी जमिनीवरचं बी बोलत जा की." ते म्हणाले, "जमिनीचंच बोलायलोय. फक्त वरून."

चित्रांत कुंपणाच्या आतला हिरवा रंग वर्षागणिक गडद होत होता, बाहेरचा नव्हता. म्हणजे रक्षण फळाला आलं, असा त्यांनी अहवाल लिहिला. माळ सांभाळणाऱ्या कचेरीला तो फार आवडला. त्याच्या आधारावर शेजारचा माळही लोकांना बंद करायचं जवळजवळ ठरलं. बैठक लागली, साडूभाऊंसाठी शाल-नारळ आणल्याचंही कळलं. आणि आदल्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात उभे. ज्या माळाबद्दल ते इतकं बोलत होते, तिथे ते एकदाही गेले नव्हते. तेवढ्याने त्यांना चैन पडत नव्हतं.

माझ्या स्कूटरवरून आम्ही गेलो. राखणदाराने आत सोडलं, पण शंभर पावलांपुढे जाता येईना. जिकडेतिकडे वेडी बाभूळ. साडूभाऊंची बाही फाटली, हाताला रक्त आलं. कुंपणाबाहेर एक म्हातारी बाई हरभऱ्याच्या शेतात बसून होती. काळविटांचं विचारलं, तर तिने हरणांनी खुडलेलं आपलं पीक दाखवलं. सगळी हरणं रानातून उठून तिच्या शेतात येत होती.

"आमी सरपणाला तोडायचो ती बाभूळ," ती म्हणाली. "कुंपण झालं, आमाला आत सोडंनात. आता ती लय माजली. हरणाला मोकळं गवत लागतंय, काट्यात ते कशाला ऱ्हाईल?"

घरी परतल्यावर साडूभाऊ चक्क खुर्चीत बसले. मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी शाल उलगडली, तशी साडूभाऊंनी ती हाताने थांबवली. "माझा अहवाल चुकलाय," ते म्हणाले. "मी हिरवं मोजलं. हिरवं कशाचं आहे, हे बघितलंच नाही." मग त्या बाईने सांगितलेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. शाल पुन्हा घडी होऊन पिशवीत गेली.

शेजारचा माळ मात्र बंद झाला नाही. राखीव माळातली बाभूळ तोडायला गावातल्या बायांना आत सोडू लागले. काम फार हळू चाललं. तिसऱ्या वर्षी चित्रात बाभळीच्या हिरव्यात वाळल्या गवताचा एक पिवळट ठिपका उमटला, तेव्हा साडूभाऊ जिलबी घेऊन आले. गवत वाळल्याची जिलबी वाटणारा माणूस गल्लीने पहिल्यांदाच पाहिला.

आता ते नाशिकला मुलीकडे असतात. गुडघे गेलेत, प्रवास होत नाही. दर हिवाळ्यात ते मला ताजं चित्र पाठवतात, आणि चार दिवसांनी माळावर जाऊन बघितलं का, असं फोनवर विचारतात. मला त्या रंगांतलं अजूनही काही कळत नाही. मी वालूरच्या वाटेला लागतो, गवतात उभा राहून त्यांना फोन लावतो. काळवीट काही वरून दिसत नाही. किती आहेत, ते मी हलक्या आवाजात सांगतो, आणि पलीकडून ते विचारतात, "आणि हिरवं कशाचं आहे?"