नवरीकडचा पडदा

देवणीत बसस्टँडसमोर लग्नाचे फ्लेक्स करणारे एक गृहस्थ आहेत. जुना ऑल-इन-वन कॉम्प्युटर त्यांनी लॅपटॉपला दुसरा पडदा म्हणून जोडलाय. माऊसचा बाण इकडून तिकडं निघाला की तेही खुर्चीत तिकडं कलतात. नवऱ्याचा फोटो लॅपटॉपवर, नवरीचा जुन्या कॉम्प्युटरवर. दोघांना एकत्र आणायचं ते अगदी शेवटी, तेही मंगलाष्टक पुटपुटत.

परवा भाचीच्या फ्लेक्ससाठी मी त्यांच्याजवळ बसलो होतो, तेवढ्यात लाइट गेली. जुना पडदा विझला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, आणि भाचीचा फोटो उडी मारून थेट नवऱ्याच्या फोटोवर येऊन बसला.

"अरारा! मामा, तिकडं तोंड करा," म्हणत त्यांनी गळ्यातली दस्ती लॅपटॉपवर टाकली.

"अहो, फोटोच हाय की."

"हाव, पण लगीन कुठं लागलंय अजून?"

लाइट येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडं बघत बसलो. मग दस्ती जराशी उचलून, एक डोळा मिटून, त्यांनी भाचीला तिच्या पडद्यावर नेऊन सोडलं.

"नवऱ्याकडच्यांपाशी हे बोलू नका," ते हळूच म्हणाले.

मी कशाला बोलतोय! भाचीची बदनामी मामानंच करायची का?